खोलीतला अर्धा किलो आर्गन

फोंड्याच्या घरात ज्या खोलीत बसून मी हे लिहीत आहे, ती दहा बाय बारा फुटांची असून तिची उंची दहा फूट आहे. हिशोब केला तर या खोलीतल्या हवेत तीनशे लिटरहून थोडा जास्त आर्गन हा वायू आहे आणि त्याचे वजन सुमारे अर्धा किलो भरते. हवेतले त्याचे प्रमाण 0.93 टक्के आहे. ज्या कार्बन डायऑक्साइडबद्दल वर्तमानपत्रांत सतत वाचायला मिळते, त्याच्या वीसपटींहून ते अधिक आहे. आपण शांतपणे घेतलेल्या एका श्वासाबरोबर जवळजवळ चहाचा एक चमचा भरेल एवढा आर्गन फुप्फुसात जातो आणि तसाच्या तसा बाहेर येतो. जन्मभर हे चालू असते आणि तरीही शरीरातल्या एकाही रेणूत त्याचा एकही अणू बांधला जात नाही.

गोव्याच्या हवेत राहणाऱ्याला याचे नवल अधिक वाटावे, कारण इथे फारसे काही मूळ रूपात टिकत नाही. देवघरातली तांब्याची भांडी चिंचेने घासून लखलखीत केली तरी थोड्याच दिवसांत पुन्हा काळवंडतात, किनाऱ्याजवळच्या घरांची लोखंडी ग्रिले दर दोन-तीन पावसाळ्यांनी खरवडून रंगवावी लागतात, आणि नीरफणसाचे काप चिरून पाण्यात टाकायला उशीर झाला तर तेही काळे पडतात. या सगळ्यात हवेतल्या ऑक्सिजनचा हात असतो. त्याच हवेत, त्याच दमटपणात आणि त्याच खाऱ्या वाऱ्यात आर्गनही आहे. पण लोखंड, तांबे, फणस, फुप्फुस यांपैकी कशाशीही त्याचा व्यवहार होत नाही. असे का, हा प्रश्न शाळकरी वाटतो. त्याचे शाळकरी उत्तर मात्र मला कधीच पुरेसे वाटलेले नाही.

जो पदार्थ कोणाशीच संयोग पावत नाही, त्याचा पत्ता लागणेही कठीण असते. रसायनशास्त्रात पदार्थाची ओळख बहुधा तो कशाशी काय करतो यावरूनच पटते. 1785 मध्ये हेन्री कॅव्हेंडिशने हवेत ऑक्सिजन मिसळून त्या मिश्रणातून विजेच्या ठिणग्या पाडत नेल्या आणि तयार होणारे वायू शोषून काढले. शेवटी एक बारीकसा बुडबुडा उरला, आणि तो मूळ नायट्रोजनच्या एकशेविसाव्या भागाहून मोठा नव्हता. कॅव्हेंडिशने तो प्रामाणिकपणे नोंदवून ठेवला आणि पुढची शंभरेक वर्षे त्या नोंदीला कोणी फारसे महत्त्व दिले नाही. मग लॉर्ड रॅले यांना वजनात तफावत आढळली. हवेतून मिळवलेल्या नायट्रोजनचे वजन लिटरमागे सुमारे 1.257 ग्रॅम भरत होते आणि संयुगांपासून तयार केलेल्या नायट्रोजनचे सुमारे 1.251 ग्रॅम. अर्ध्या टक्क्याचा हा फरक दुसऱ्या एखाद्याने तराजूच्या माथी मारला असता. विल्यम रॅमसे यांनी हवेतला नायट्रोजन तापलेल्या मॅग्नेशियमवरून पुन्हापुन्हा फिरवला, मॅग्नेशियमने नायट्रोजन गिळून टाकला आणि उरला तो आर्गन. 1894 साली दोघांनी मिळून या नव्या वायूची घोषणा केली. मेंडेलीव्हला सुरुवातीला ते पटले नाही. नायट्रोजनचेच तीन अणू एकत्र येऊन हा वायू बनला असावा, अशी शंका त्याने घेतली. त्याच्या आवर्त सारणीत प्रत्येक मूलद्रव्याची जागा ठरवण्यात संयुजेचा, म्हणजे त्याचा अणू इतरांशी किती बंध जोडतो याचा, मोठा वाटा होता आणि इथे तर संयुजाच नव्हती.

आर्गनसारखाच निष्क्रिय असलेला हेलियम पृथ्वीवर सापडण्याआधी सूर्यावर दिसला, त्यामागेही हेच कारण आहे. 18 ऑगस्ट 1868 रोजीच्या खग्रास सूर्यग्रहणाचा पट्टा भारतावरून गेला. गुंटूरला तळ ठोकून बसलेले ज्यूल जान्सन आणि इतर निरीक्षक यांनी सूर्याच्या कडेवरच्या ज्वाळांचा वर्णपट, म्हणजे त्यांच्या प्रकाशाची रंगवार फोड, पाहिला, आणि त्या वर्णपटात एक ठळक पिवळी रेषा होती. ती हेलियमची खूण होती. त्याच वर्षी 20 ऑक्टोबरला नॉर्मन लॉकयर यांनी इंग्लंडमधून, ग्रहणाशिवायच, ती रेषा पाहिली आणि ती सोडियमच्या रेषांशी जुळत नसल्याचे दाखवले. आपल्या शेजारच्या विजयदुर्ग किल्ल्यावर लॉकयरसाहेबांनी हेलियम शोधल्याची कथा कोकणात आवडीने सांगितली जाते. कथा गोड आहे, पण लॉकयर त्या वेळी इंग्लंडमध्ये होते. पृथ्वीवर हेलियम हाती लागायला 1895 उजाडले आणि तोही रॅमसे यांना युरेनियमच्या एका खनिजात कोंडलेला सापडला. लोखंडाचे ऑक्साइड असते, शिशाचे सल्फाइड असते, तसे हेलियमचे कोणतेही खनिज असू शकत नाही. खडकातल्या किरणोत्सारातून जन्मलेले त्याचे अणू तिथे नुसते अडकून पडलेले असतात. 1898 मध्ये रॅमसे आणि मॉरिस ट्रॅव्हर्स यांनी द्रवरूप हवेतून क्रिप्टॉन, निऑन आणि झेनॉन हे याच कुळातले वायू वेगळे केले. हेच ट्रॅव्हर्स पुढे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेचे पहिले संचालक झाले, हे आपल्याकडे फारसे कोणाच्या लक्षात नसते.

आता कारणाकडे वळतो. वर्गात एका ओळीत उत्तर दिले जाते: यांचे अष्टक पूर्ण असते, म्हणजे अणूकेंद्राभोवतीच्या सर्वांत बाहेरच्या कवचात आठ इलेक्ट्रॉन असतात, म्हणून हे वायू स्थिर असतात. काही पुस्तके पुढे जाऊन इतर अणूंना अष्टक पूर्ण करण्याची ‘इच्छा’ असते आणि हे वायू मात्र ‘तृप्त’ असतात, असेही सांगतात. मी हे शब्द फळ्यावर येऊ देत नाही. अणूला इच्छा नसते, हा त्यातला लहान दोष झाला. मोठा दोष असा की अष्टक पूर्ण म्हणून स्थिर आणि स्थिर दिसतात म्हणून अष्टकाला महत्त्व, असे हे उत्तर स्वतःभोवतीच फिरत राहते. अकरावीच्या वर्गात एका मुलीने यातला कच्चा दुवा नेमका पकडला होता. ती म्हणाली, “सर, तिसऱ्या कवचात अठरा इलेक्ट्रॉन मावतात असं आपण कालच शिकलो. आर्गनच्या तिसऱ्या कवचात तर आठच आहेत. मग ते पूर्ण कसं?”

ते पूर्ण नाहीच. दहा जागा रिकाम्या आहेत आणि तरीही आर्गन निष्क्रिय आहे. याउलट मॅग्नेशियम घ्या. त्याच्या सर्वांत बाहेरच्या उपकवचात, म्हणजे कवचाच्या एका कप्प्यात, दोन इलेक्ट्रॉन असतात, दोन्ही जोडीने बसलेले असतात आणि ते उपकवच काठोकाठ भरलेले असते. नुसत्या भरलेपणावर सगळे अवलंबून असते, तर मॅग्नेशियमनेही गप्प बसायला हवे होते. प्रयोगशाळेत त्याची फीत चिमट्यात धरून बर्नरवर नेली की काय होते, हे प्रत्येक विद्यार्थ्याने पाहिलेले असते: फितीचे टोक आधी नुसते लालसर होते, क्षणभर काहीच घडत नाही, आणि मग डोळ्यांना सहन होणार नाही असा पांढरा प्रकाश फितीवरून वर चढत जातो आणि खाली फरशीवर पांढरी राख सांडते. हे भरलेले उपकवच आणि आर्गनचे भरलेले उपकवच यांतला फरक पुढच्या रिकाम्या पायरीच्या उंचीत आहे. मॅग्नेशियमच्या इलेक्ट्रॉनला वरच्या रिकाम्या पातळीवर चढवायला मोलमागे (मोल म्हणजे अणूंची एक ठरावीक, प्रचंड मोठी संख्या) सुमारे 260 किलोज्यूल लागतात. आर्गनच्या इलेक्ट्रॉनला तेवढ्यासाठीच सुमारे 1,100 लागतात. एक साधा रासायनिक बंध तयार झाला की बहुधा दीडशे ते साडेचारशे किलोज्यूल परत मिळतात. मॅग्नेशियमचा खर्च त्यातून भरून निघतो, आर्गनचा निघत नाही.

ही पायरी आर्गनपाशीच एवढी उंच का व्हावी? त्यासाठी अणूकेंद्राची ओढ बाहेरच्या इलेक्ट्रॉनला किती जाणवते, ते पाहावे लागते. आमच्याकडे जत्रेच्या रात्री देवाची पालखी निघते तेव्हा लोक तिच्याभोवती कडी करून उभे राहतात. पुढच्या कड्यातले लोक मागच्यांना पालखी दिसू देत नाहीत, पण एकाच कड्यात खांद्याला खांदा लावून उभे असलेले एकमेकांच्या आड फारसे येत नाहीत. अणूत साधारण असेच घडते. सोडियमपासून आर्गनपर्यंत केंद्रातले प्रोटॉन अकरावरून अठरावर जातात. वाढणारा प्रत्येक इलेक्ट्रॉन त्याच तिसऱ्या कवचात येतो आणि आपल्या सोबत्यांना केंद्राच्या ओढीपासून फारसे झाकत नाही. त्यामुळे ओढ वाढत जाते आणि अणू आकाराने आवळत जातो. बाहेरचा एक इलेक्ट्रॉन काढून घ्यायला सोडियमच्या बाबतीत मोलमागे 496 किलोज्यूल पुरतात, आर्गनपाशी तो आकडा 1,521 होतो. त्यानंतरच्या पोटॅशियममध्ये प्रोटॉन आणखी एकाने वाढतो, पण नव्या इलेक्ट्रॉनला चौथ्या कवचात, अठरा जणांच्या मागे उभे राहावे लागते आणि आकडा एकदम 419 वर कोसळतो. आर्गन या चढाच्या अगदी टोकावर आहे. देण्याचा खर्च प्रचंड आहे, आणि घेण्याचा विचार केला तर बाहेरून आलेल्या इलेक्ट्रॉनलाही त्या अठरा जणांच्या मागेच जागा मिळणार. तिथे केंद्राच्या अठराही प्रोटॉनांची ओढ झाकली गेल्यामुळे त्याला धरून ठेवणारे काही उरत नाही.

देणे नाही, घेणे नाही. मग वाटून घेण्याचे काय? हायड्रोजनचे दोन अणू जवळ आले की त्यांच्या कक्षकांपासून, म्हणजे इलेक्ट्रॉनांच्या वावरण्याच्या जागांपासून, दोन नवे कक्षक तयार होतात. त्यांतला एक ऊर्जेने खालचा आणि अणूंना जोडणारा असतो, दुसरा वरचा आणि त्यांना तोडणारा असतो. हायड्रोजनकडे मिळून दोनच इलेक्ट्रॉन असल्याने ते दोघेही खाली बसतात आणि मोलमागे 436 किलोज्यूलचा भक्कम बंध तयार होतो. हेलियमच्या दोन अणूंकडे चार इलेक्ट्रॉन असतात, त्यामुळे खालची जागा भरते तशी वरचीही भरते. वरच्या जागेने होणारे नुकसान खालच्या जागेच्या फायद्याहून किंचित जास्त असते, म्हणून अणू एकमेकांना दूर सारतात. निऑन आणि आर्गनच्या बाबतीतही हाच जमाखर्च लागू पडतो. म्हणूनच हे वायू एकेकट्या अणूंच्या रूपात राहतात, आणि आर्गनमधून ध्वनी किती वेगाने जातो हे मोजून रॅले आणि रॅमसे यांनी ते सुरुवातीलाच ओळखले होते.

नायट्रोजनची गणनाही पुष्कळदा निष्क्रिय वायूंच्या जोडीने केली जाते, पण त्याचे गप्प असणे वेगळ्या जातीचे आहे. त्याचे दोन अणू तिहेरी बंधाने बांधलेले असतात आणि तो बंध तोडायला मोलमागे 945 किलोज्यूल लागतात. विजेच्या कडकडाटाने किंवा कडधान्यांच्या मुळांवरच्या जिवाणूंनी तो एकदा तोडला की नायट्रोजनचा अणू चांगलाच सक्रिय असतो. आर्गनच्या बाबतीत तोडायला मुळात काही नाही.

फोंडा-म्हापशाच्या रस्त्यांवर फॅब्रिकेशनच्या दुकानांवर ‘आर्गन वेल्डिंग’ अशी पाटी सर्रास दिसते. आमच्या बाल्कनीचे स्टीलचे कठडे बसवायला सावंतवाडीकडचा एक कारागीर आला होता. त्याने निळा सिलिंडर भिंतीला टेकवला आणि हत्यार हातात घेण्याआधी म्हणाला, “सर, पंखा बंद करा आणि ती खिडकीही लावा. वाऱ्यानं गॅस उडून गेला तर टाका काळा पडतो.” त्याच्या हातातल्या टॉर्चमध्ये टंगस्टनची अणकुचीदार कांडी होती आणि तिच्याभोवतीच्या चिनी मातीच्या तोंडातून आर्गन हलक्या फुसफुशीने बाहेर पडत होता. हवेपेक्षा हा वायू सुमारे 38 टक्के जड असल्यामुळे वितळलेल्या धातूवर तो चांगला पसरून राहतो आणि ऑक्सिजनला जवळ येऊ देत नाही. ठिणगी थांबल्यावरही त्या माणसाने टॉर्च काही सेकंद तिथेच धरून ठेवला. कारण विचारल्यावर त्याने सांगितले की धातू लाल आहे तोवर त्याला उघडा टाकायचा नाही. थंड झालेला टाका रुपेरी आणि खवल्याखवल्यांचा होता. कवच, कक्षक, आयनीभवन ऊर्जा (इलेक्ट्रॉन काढण्याचा खर्च) यांतला एकही शब्द न वापरता हा माणूस त्यांवरच पोट भरतो.

घरातल्या वीज तपासण्याच्या टेस्टरमध्येही याच कुळातला एक वायू असतो. पारदर्शक मुठीतली ती इवलीशी काचेची नळी निऑनने भरलेली असते. प्लगमध्ये टोक घालून मागच्या टोपीला बोट लावले की नळी नारिंगी चमकते. त्या वेळी निऑनच्या अणूंतले इलेक्ट्रॉन वर फेकले जातात, काही सुटूनही जातात, आणि परत येताना तो रंग देतात. सगळी झटापट झाल्यावर अणू पूर्वीसारखाच उरतो, नळीत नवे संयुग साचत नाही, म्हणून असा टेस्टर वर्षानुवर्षे चालतो.

हा गुण नेहमी उपकारकच ठरतो असे मात्र नाही. खडकातल्या युरेनियमपासून तयार होणारा रेडॉन निष्क्रिय आहे म्हणूनच तो खडकात कशाला चिकटून न राहता भेगांतून वर झिरपतो आणि घरात शिरतो. त्याचे अर्धायुष्य 3.8 दिवसांचे असते. तो विघटन पावला की पोलोनियमसारखी धातुरूप मूलद्रव्ये तयार होतात आणि ती फुप्फुसाला चिकटतात. झेनॉनची तऱ्हा आणखी निराळी आहे. कोणताही रासायनिक बंध न जोडता तो मेंदूतल्या प्रथिनांच्या खोबणीत जाऊन बसतो आणि माणसाला भूल देतो. शस्त्रक्रियेसाठी त्याचा वापर झालेला आहे. निष्क्रिय म्हणजे निरुपद्रवी किंवा निष्प्रभ, असा अर्थ घेणाऱ्यांनी हे दोघे ध्यानात ठेवलेले बरे.

हा सगळा हिशोबाचा मामला असेल, तर कुठेतरी हिशोब बदलायलाही हवा. या कुटुंबात खाली उतरत गेले की अणू मोठा होतो, बाहेरचा इलेक्ट्रॉन केंद्रापासून लांब पडतो आणि त्याला काढण्याचा मोलमागे किलोज्यूलमधला खर्च उतरत जातो: हेलियम 2,372, निऑन 2,081, आर्गन 1,521, क्रिप्टॉन 1,351, झेनॉन 1,170. फ्लोरिन मुक्त करणारे आंरी म्वासाँ यांनी 1895 मध्येच आर्गन आणि फ्लोरिन एकत्र करून पाहिले होते, पण काही घडले नाही. त्यांनी चुकीच्या भावंडाला गाठले होते आणि योग्य ते भावंड अजून सापडायचे होते. 1933 मध्ये लायनस पॉलिंग यांनी झेनॉनची फ्लोराइडे बनू शकतील असे भाकीत केले, त्यावर कॅलिफोर्नियात प्रयोगही झाले, पण तेही फसले. मग विषय जवळजवळ तीस वर्षे थंड पडला. रसायनशास्त्रज्ञांनी पुस्तकातल्या अष्टकावर अंधविश्वास ठेवला, असे म्हणण्याची आता पद्धत आहे. मला ते काहीसे अन्यायाचे वाटते, कारण झेनॉन दुर्मिळ आणि महाग होता आणि फ्लोरिन हाताळणे जिवावरचे काम होते. तरी अष्टकाच्या धाकाने प्रश्नच विचारला गेला नाही, हेही तितकेच खरे.

तो प्रश्न नील बार्टलेट यांनी विचारला, आणि तो विचारण्याची त्यांची रीत मला फार आवडते. कॅनडात व्हँकूव्हरला काम करताना त्यांच्या लक्षात आले की प्लॅटिनम हेक्साफ्लोराइड हा लालभडक वायू प्रत्यक्ष ऑक्सिजनच्या रेणूकडूनही इलेक्ट्रॉन हिसकावून घेतो. ऑक्सिजनच्या रेणूपासून इलेक्ट्रॉन काढायला मोलमागे 1,165 किलोज्यूल लागतात. बार्टलेट यांनी तक्त्यात पाहिले, तर झेनॉनसमोर 1,170 हा आकडा होता. एवढ्याशा फरकाने काय बिघडणार, असा विचार करून मार्च 1962 मध्ये त्यांनी काचेच्या उपकरणात लाल वायू आणि रंगहीन झेनॉन यांच्यामधला पडदा फोडला, आणि नारिंगी-पिवळा घन पदार्थ तत्क्षणी तयार झाला. त्याची रचना सुरुवातीला वाटली त्याहून गुंतागुंतीची निघाली, पण निष्क्रिय वायूचे संयुग हाती आले होते, यात शंका उरली नाही. त्याच वर्षी अमेरिकेतल्या आर्गॉन (Argonne) प्रयोगशाळेत झेनॉन आणि फ्लोरिन 400 अंशांवर तासभर तापवून झेनॉन टेट्राफ्लोराइडचे स्फटिक मिळाले. पुढे तर काचेच्या भांड्यात हे दोन वायू उन्हात ठेवले तरी झेनॉन डायफ्लोराइड बनते, असे दिसून आले. इथलाही जमाखर्च मांडता येतो. फ्लोरिनच्या रेणूतला बंध मुळात कच्चा असतो, तो तोडायला 158 किलोज्यूल पुरतात. झेनॉनशी होणारे दोन बंध प्रत्येकी सुमारे 130 परत देतात. शंभरेक किलोज्यूल शिल्लक राहिले की व्यवहार होतो. अष्टक आड येत नाही.

क्रिप्टॉनचे फ्लोराइड 1963 मध्ये बनले. आर्गनला मात्र 2000 सालापर्यंत कोणी बधवू शकले नाही. त्या वर्षी हेलसिंकीला गोठलेल्या आर्गनमध्ये हायड्रोजन, आर्गन आणि फ्लोरिन यांचा एक रेणू तयार झाला, पण उणे 246 अंशांच्या आसपास पोचताच तो मोडतो. निऑनचे बाटलीत भरून ठेवता येईल असे, रासायनिक बंधाने जोडलेले एकही संयुग अजून नाही. कुटुंबाच्या दुसऱ्या टोकाला 118 व्या क्रमांकाचे ओगॅनेसन आहे. 2016 साली त्याचे नाव ठरले. त्याचे मोजकेच अणू आजवर बनवले गेले आहेत आणि ते मिलिसेकंदापेक्षाही कमी काळ टिकतात, त्यामुळे त्यावर प्रयोग करून पाहण्याची सोय नाही. गणिते मात्र झाली आहेत. अवजड केंद्राभोवती इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या वेगाच्या बऱ्याच जवळ जाणाऱ्या वेगाने फिरू लागले की पातळ्यांमधली अंतरे बदलतात, आणि त्या गणितांनुसार ओगॅनेसन बाहेरून आलेला एक इलेक्ट्रॉन धरून ठेवू शकेल. आर्गनला जे कधीच परवडले नाही ते त्याच रकान्यातल्या शेवटच्या मूलद्रव्याला परवडेल, आणि तिथेही बाहेरच्या कवचात इलेक्ट्रॉन आठच आहेत.